पिशवीवर आई-बापाचं नाव कुठंय?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ‘जीन बदललेला मासा तुमच्या ताटात?’ असा ठसठशीत मथळा देऊन अर्धं पान छापलंत. सकाळी आठला ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पडलं आणि नऊला शेजारच्या काकूंचा फोन, की भाऊ, तुमच्या तळ्यातला रोहू पण तसलाच का हो, आम्ही मागच्या महिन्यात दोन किलो नेला होता. आता यांना फोनवर काय सांगायचं. म्हणून तुम्हालाच लिहायला बसलो, थोडं लांबेल, कात्री लावायची तर लावा पण मधला भाग कापू नका.

आधी माझी ओळख. मी राहायला हडपसरला, पण आमची थोडी जमीन इंदापूर तालुक्यात आहे भिगवणच्या पुढे, तिथं एक एकराचं तळं आहे. रोजचं सगळं धाकटा भाऊ बघतो, मी शनिवार-रविवारी जाऊन हिशेब बघतो आणि सल्ले देतो (ते तो ऐकत नाही). भाची मत्स्यशास्त्र शिकतेय, त्यामुळे जेवताना पण आमच्याकडे माशांच्या आनुवंशिकतेवरच गप्पा, आणि या पत्रातलं निम्मं तिनं डोक्यात घातलेलं आहे.

तर तुमच्या लेखात जयंती रोहूला सरळसरळ जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जीन बदललेला, म्हटलंय. नाहीये हो तो जीएम. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा म्हणून जागा आहे, तिथं गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्र सरकारची संस्था आहे, सगळे तिला सिफा म्हणतात. त्यांनी १९९२ मध्ये नॉर्वेच्या शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन हे काम सुरू केलं. गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा, सतलज या नद्यांमधून रोहू आणले, त्यात संस्थेच्या तळ्यातले मिसळले, त्यांची पिल्लं घराणंवार वेगळी वाढवली आणि प्रत्येक पिढीत ज्या घराण्यांची वाढ चांगली तेच पुढच्या पिढीचे आई-बाप. एवढंच. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ ला, तो बाहेर आला म्हणून नाव जयंती. पिढीमागे वाढीत साधारण १७ टक्क्यांची भर पडली असं ते सांगतात. आपल्याकडं ऊसवाला ८६०३२ लावतो की २६५, तेव्हा त्याला कुणी जीन बदललेला ऊस म्हणत नाही ना, तसंच आहे हे, निवड पद्धत म्हणायचं याला.

आणि ती निवड कशी करतात हे ऐकून तर मी थक्कच झालो होतो. पिल्लं लहान असताना सगळी सारखीच दिसतात, एका तळ्यात टाकली की कोण कुणाचं कळणार कसं? मग ती थोडी मोठी होईपर्यंत प्रत्येक जोडीची पिल्लं वेगळ्या जागी ठेवतात आणि मग प्रत्येकाच्या पोटात सुईने एक काचेची बारीक कांडी सोडतात, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, तिच्यात नंबर असतो. वर्षभराने मासा धरला, त्याच्यावरून रीडर फिरवला की स्क्रीनवर नंबर येतो, म्हणजे हा अमुक आईचा, तमुक बापाचा, वजन इतकं. भाची म्हणाली मामा, माशांचं आधार कार्ड आहे ते. गंमत म्हणजे भुवनेश्वरच्या माशाला आधार आहे आणि आमच्या तळ्यात येणाऱ्याला रेशन कार्ड पण नाही, त्यावर येतोच आता.

खरा जीएम मासा जगात झाला नाही असं नाही. कॅनडात एका सामन (सॅल्मन) माशात दुसऱ्या जातीच्या सामनचा वाढीचा जीन घातला आणि तो बारा महिने चालू राहावा म्हणून थंड पाण्यातल्या एका तिसऱ्याच माशाच्या डीएनएचा तुकडा स्विच म्हणून जोडला. हे काम १९८९ पासूनचं, अमेरिकेच्या एफडीएची (तिथलं अन्न-औषध खातं) परवानगी मिळाली २०१५ ला, आणि २०२४ संपता संपता त्या कंपनीने तो मासा वाढवणंच बंद केलं. जपानमध्ये २०२१ पासून जीन एडिटिंग केलेला एक मासा विकतात, त्यात बाहेरचं काही घातलेलं नाही, स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारा त्याचाच एक जीन बंद केलाय म्हणून मांस जास्त भरतं. यावर वाद घाला, जरूर घाला, मला पण प्रश्न आहेत. पण यातलं काहीही इंदापूरच्या तळ्यात किंवा गणेश पेठेतल्या मासळी बाजारात नाही. तुमच्याच पेपरात बाजारभावाच्या रकान्यात ‘आंध्र प्रदेशातून रहू, कतला’ अशी ओळ येते, ते साधे आपले मासे आहेत, काकूंना तसं सांगितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता माझं खरं दुखणं. तुम्ही घाबरवलंत ते नसलेल्या गोष्टीला, आणि जे आहे त्यावर एक ओळ नाही.

आपल्या पुणे जिल्ह्यात गाय भरवायला डॉक्टर आला तर नायट्रोजनच्या टाकीतून स्ट्रॉ काढतो, त्या एवढ्याशा स्ट्रॉवर बैलाचा नंबर छापलेला असतो, जात असते, तारीख असते. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ ला बाएफ काढली तेव्हापासून हे आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलंय, आमची आई शाळेत गेलेली नव्हती पण कुठल्या बैलाची कालवड कुठली हे तिला तोंडपाठ. आणि माशाचं बीज कसं येतं? पहाटे पाचला पिकअप येते. खोक्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, तळाला थोडं पाणी, वर ऑक्सिजन फुगवलेला, तोंडाला रबर पिळून बांधलेलं. पिशवी उजेडात धरली की आत जिऱ्यासारखी वळवळ. ती तशीच बंद तळ्याच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार झालं की तोंड सोडायचं आणि पिल्लं आपसूक बाहेर पडू द्यायची. मोजणी म्हणजे चहाच्या गाळणीने एकदा एक गाळणी मोजून घ्यायची, मग नुसत्या गाळण्या मोजायच्या. बिल हातचं, त्यावर लिहिलेलं ‘मिक्स बीज’. संपलं. पिशवी कोरी, खोकं कोरं, आई-बाप कोण, कुठल्या नदीचे, कितव्या पिढीचे, काही पत्ता नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही असंच रोहू-कटला-मृगळ म्हणून बीज घेतलं. कुणाकडून ते सांगत नाही, उगाच वाद नको. आठ महिन्यांनी जाळं ओढलं तर भावाने एक मासा हातात धरला आणि नुसता बघत राहिला. डोकं कटल्याएवढं मोठं नाही, तोंड रोहूसारखं खाली नाही, खवले मधलेच काहीतरी. ना कटला ना रोहू. आणि असे एक-दोन नाहीत, टोपलीत निम्मे तसले. वजन म्हणाल तर जे आठशे ग्रॅम-किलोला जायला पाहिजेत ते चारशे-साडेचारशेवर अडकलेले. लिलावात व्यापाऱ्याने एक नजर टाकली, म्हणाला हा गावठी माल आहे, आणि किलोमागे सरळ भाव पाडला. बीजवाल्याला फोन केला तर म्हणे पाणी तुमचं, खाद्य तुमचं, आमच्याकडून निघालं तेव्हा सगळं जिवंत होतं. बरोबरच आहे की, जिवंत होतंच.

हे का होतं ते मला नंतर कळलं. पूर्वी बीज नदीतून धरायचे, आमच्याकडे जुने लोक अजून ‘कलकत्त्याचं बीज’ म्हणतात. आपले रोहू-कटले साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहती पुराची नदी लागते. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूजवळच्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशाकडून अंडी घालून घेतली, तो दिवस आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आता तर तयार हार्मोनचं इंजेक्शन मिळतं, नर-मादीला टोचा, गोल टाकीत पाणी फिरवत ठेवा, सकाळी अंडी तयार. फार मोठं काम झालं ते, त्यामुळेच आज आमच्यासारख्याला तळं करता येतं. पण तिथंच घोळ पण सुरू झाला. माशाची अंडी पाण्यात बाहेर फळतात, त्यामुळे घाईच्या सीझनला एकाच टाकीत रोहू आणि कटला दोन्ही टोचून सोडले की कुणाची अंडी कुणाच्या नराने फळवली याचा हिशेब राहत नाही. आणि हा रोहू-कटल्याचा संकर खेचरासारखा वांझ नसतो, त्याला पुढे पिल्लं होतात, म्हणजे तोच मासा उद्या कुणाच्या तरी हॅचरीत, म्हणजे बीज तयार करतात तिथं, ब्रूडर (बीजासाठी राखलेला आई-बाप मासा) म्हणून उभा.

दुसरं याहून वाईट आणि ते डोळ्यांना दिसत पण नाही. गाय वर्षाला एक वासरू देते, म्हणून शंभर वासरं पाहिजेत तर शंभर गाई लागतातच. रोहूची मादी किलोमागे दोन लाखांच्या पुढे अंडी देते. म्हणजे पाच-दहा माद्यांत हॅचरीवाल्याचा अख्खा सीझन निघतो, मग तो पन्नास ब्रूडर कशाला पोसेल, खाद्याचा खर्च कोण देणार? पुढच्या वर्षीचे ब्रूडर पण त्याच पिल्लांतून ठेवायचे, म्हणजे सख्ख्या भाऊ-बहिणींची सोयरीक, आणि परत त्यांच्या पोरांची आपसात. त्यात चांगला वाढलेला मासा बाजारात पैसे देतो म्हणून तो विकायचा आणि मागं राहिलेला किडमिडा ब्रूडर म्हणून ठेवायचा. निवड इथं पण चालू आहे बघा, फक्त उलटी! कर्नाटकातल्या हॅचऱ्यांचा असा अभ्यास १९९० ला छापून आलाय, त्यात हे घरातल्या घरातलं इनब्रीडिंग वर्षाला २ ते १७ टक्क्यांनी वाढत असल्याचा अंदाज होता. पस्तीस वर्षं झाली त्याला. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितलं का? आम्ही आपले वाढ नाही झाली की खाद्य बदलतो, चुना टाकतो, शेण टाकतो, आणि शेवटी पाण्याला शिव्या देतो.

नॉर्वेवाल्यांनी हेच काम पन्नास वर्षांपूर्वी हातात घेतलं, १९७० च्या दशकात चाळीसेक नद्यांतून सामन जमवून. सामनची एक पिढी चार वर्षांची, म्हणजे किती चिकाटी लागली असेल विचार करा. पुढं त्यांच्याकडे आयपीएन नावाचा व्हायरसचा आजार पिल्लं मारत होता, तेव्हा स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या दोन वेगळ्या टीमना २००८-०९ च्या सुमारास एकच गोष्ट सापडली, की कुठलं पिल्लू जगणार आणि कुठलं मरणार यातला मोठा फरक डीएनएतल्या एकाच जागेमुळे पडतो. मग ती चांगली जागा असलेलेच आई-बाप निवडून अंडी विकायला लागले आणि थोड्याच वर्षांत नॉर्वेत त्या आजाराच्या साथी झपाट्याने खाली आल्या. औषध नाही, बाहेरचा जीन नाही, फक्त सोयरीक बघून केली. आता तर डीएनए तपासून निवड करतात, कारण आजाराची परीक्षा घेतलेला मासा ब्रूडर म्हणून परत वापरता येत नाही, मग त्याच्या निरोगी भावंडांपैकी कुणाकडे ती ताकद आलीय हे डीएनएवरून ओळखतात. सिफाने पण रोहूमध्ये एरोमोनास या जिवाणूचा आजार सोसणारी घराणी निवडायचं काम केलंय. त्यांच्या रोहूचा अख्खा जीनोम वाचून झालाय, २०२० ला. निवडीतूनच तयार झालेला अमृत कटला आलाय. पोशा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीवर २००७ पासून गुजरात, केरळ आणि ओडिशाचे झिंगे एकत्र करून निवड चाललीय. माशांच्या आनुवंशिकतेवर काम करणारे जगभरचे लोक १९८२ पासून, आयर्लंडमधल्या गॉलवेला पहिली सभा झाली तेव्हापासून, नियमाने भेटतात. आपल्या पेपरात यातलं किती आलं? कांद्याच्या वाणावर तुम्ही पान देता, द्राक्षावर देता, द्यायलाच पाहिजे. पण उजनीकाठच्या माणसाचं पोट माशावर पण आहे साहेब.

उजनीवरून आठवलं, चिलापी. भिगवणला हॉटेलात बसून चिलापी फ्राय खाणाऱ्यांना वाटतं हा इथलाच मासा, तर तो आफ्रिकेतला तिलापिया, आपल्या देशात पहिल्यांदा १९५२ ला आणला. त्याच कुळातला गिफ्ट (जेनेटिकली इम्प्रूव्हड फार्म्ड तिलापिया) म्हणजे १९८८ ला फिलिपिन्समध्ये इजिप्त, घाना, केनिया, सेनेगल इथले जंगली मासे आणि आशियातले पाळीव मासे एकत्र करून निवडलेला, पिढीमागे १२ ते १७ टक्के वाढ मिळाली. तो पण जीएम नाही, नावातल्या ‘जेनेटिकली’ शब्दाने घोळ होतो एवढंच. तुमच्या लेखात तो पण आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

कोळंबीचं दुखणं अजून वेगळं. १९९४-९५ च्या सुमाराला व्हाइट स्पॉट या व्हायरसच्या रोगाने टायगर कोळंबीची तळी झोपवली, पुढे २००९ ला व्हेनामी या परदेशी कोळंबीला परवानगी मिळाली आणि तिने बाजार मारला. पण तिचे ब्रूडर विमानाने परदेशातून येतात, चेन्नईला क्वारंटाइनमध्ये राहतात आणि मग हॅचरीत जातात, आई-बापाची चावी परक्या कंपन्यांच्या हातात. पैसे वाचवायला कुणी तळ्यातलीच मोठी कोळंबी ब्रूडर म्हणून वापरली की पुन्हा तेच, जवळच्या नात्यातली सोयरीक आणि आजाराला उघडं दार. म्हणून चेन्नईच्या सिबा या संस्थेने आपल्या देशी पांढऱ्या कोळंबीवर निवडीचं काम हातात घेतलंय, त्याकडे तरी लक्ष ठेवा. कालवांचं मात्र मला भारी वाटलं, परदेशात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेली कालवं वाढवतात, ती अंडी-बीज धरण्यात ताकद घालवत नाहीत म्हणून उन्हाळ्यात पण भरलेली राहतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण आपलं रोजचं केळं तीन संचांचंच आहे, म्हणून तर त्यात बी नाही.

आणि हे सगळं तळ्यापुरतं राहत नाही, याचं उदाहरण पुण्याचंच आहे. आपला दख्खनचा महसीर, शास्त्रीय नाव टोर खुद्री, त्याची पहिली नोंद सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केली ती पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्यात काय वाहतं ते तुम्हाला माहितीय, तो विषय वेगळा. लोणावळ्याच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून या महसीरचं बीज करतात, कौतुकाचंच काम आहे, त्यावर हा मासा टिकला. पण ते बीज देशभर गेलं, कावेरीत पण सोडलं. कावेरीत तिथला स्वतःचा पाठीवर कुबड असलेला दांडगा महसीर होता, त्याला शास्त्रीय नाव नक्की व्हायलाच २०१८ उजाडलं आणि तोवर तो संपत आला होता. त्याला बाजूला सारण्यात बाहेरून सोडलेल्या आपल्या महसीरचा हात असावा असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे चांगल्या मनाने केलं तरी, कुठल्या नदीचं बीज कुठं सोडलं हे बघितलं नाही की असं होतं.

माझं मागणं फार मोठं नाही. पिशवीला एक चिठ्ठी. जात कुठली, ब्रूडर मूळ कुठून आणले, कुठल्या साली आणले, किती जोड्या वापरल्या, आणि हॅचरीवाल्याची सही. चार ओळी. भुवनेश्वरला राष्ट्रीय ब्रूड बँक आहे, तिथून सुधारित बीज मिळतं, ते आणून वाढवणारे हॅचरीवाले पण आहेत, पण त्यांचा माल आणि दुसऱ्याचा माल एकाच कोऱ्या पिशवीत येतो. जयंती आणि साधा रोहू शेजारी ठेवले तर माझा भाऊ काय, शास्त्रज्ञ पण नुसतं बघून सांगू शकणार नाही. मग चिठ्ठी नसेल तर जयंतीच्या नावावर कोण काय खपवतंय ते कसं कळणार? चांगलं काम करणाऱ्याला तरी जास्तीचा भाव कसा मिळणार?

यंदा मी बीजवाल्याला फोनवर विचारलं, ब्रूडर कुठले तुमचे? तो आधी हसला, मग म्हणाला साहेब, एवढी वर्षं झाली धंद्याला, हे विचारणारे तुम्ही पहिलेच. नंतर दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, म्हणाला दहा जोड्या आहेत, चार वर्षांपूर्वी आंध्रातून आणल्यात, त्याआधीचं मला पण माहीत नाही. आम्ही त्याच्याकडूनच घेतलं.

आपला एक वाचक,
हडपसर, पुणे

ता. क. तुमच्या त्या पानावर ‘जयंती रोहू’ म्हणून जो फोटो छापलाय, त्यातल्या माशाचं डोकं केवढं आहे आणि खालचा ओठ कसा वर वळलाय ते एकदा बघा. कटला आहे तो. जमलं तर दुरुस्ती छापा.